सुनेचा हुंडा, नणंदेचं तिकीट



मागे मी लग्नाच्या याद्यांवर लिहिलं होतं. कुणी किती तोळे घालायचं, मानपान कुणाकडे, जेवणावळ कुणाकडे, हे सगळं लिहून खाली दोन्हीकडच्या मंडळींनी सह्या करायच्या, ती आपली जुनी रीत. ते वाचून दोघी-तिघींनी विचारलं, "काकू, हे असं फक्त आपल्यातच का हो? बाहेरच्या देशांत तर प्रेमविवाहच होतात ना?"

आज त्याचं उत्तर लिहिते. माझी भाची आयर्लंडमध्ये लिमरिक शहरात राहते. तिच्याकडे दोन महिने राहिले होते, तेव्हा शॅनन नदीच्या पलीकडे असलेल्या क्लेअर काउंटीत बरंच हिंडणं झालं. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा. पश्चिमेला अटलांटिक महासागर, उत्तरेला बरेन नावाचा चुनखडीचा उघडा बोडका मुलूख, मध्ये हिरवी कुरणं आणि एनिस हे मुख्य गाव. तिथल्या ग्रंथालयात बसून आणि नंतर घरी येऊन मी या जिल्ह्यातल्या लग्नांबद्दल जे वाचलं, ते वाचताना मला सारखं आपलंच घर दिसत होतं. काळ साधारण १८६० ते १९०० चा, म्हणजे आपल्या पणजीचा.

दुष्काळाआधी आणि दुष्काळानंतर

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, त्याशिवाय पुढचा हिशेब समजणार नाही.

बटाटा आपल्यापैकी अनेकींच्या स्वयंपाकघरात येतच नाही. तिथल्या गरिबाच्या घरात मात्र तेव्हा दुसरं अन्नच नव्हतं. एकरभर तुकड्यात बटाटा लावला की एका कुटुंबाचं वर्ष निघायचं. त्यामुळे बाप प्रत्येक मुलाला जमिनीचा तुकडा तोडून द्यायचा, मुलगा चार भिंती उभ्या करायचा आणि विशीत लग्न करायचा. हुंड्याचा प्रश्न गरिबांत फारसा नव्हताच, कारण द्यायला काही नव्हतं.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढची पाच-सात वर्षं दुष्काळ चालला. सगळ्या आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. एकट्या क्लेअरची लोकसंख्या १८४१ साली सुमारे २ लाख ८६ हजार होती. दहा वर्षांत ती २ लाख १२ हजारांवर आली.

जे शेतकरी वाचले, ते एक धडा शिकले: जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. जमीनदारांनाही तुकडे नकोच होते. त्यात शेती हळूहळू पिकांकडून गुरांकडे वळली, आणि गुरांना सलग कुरण लागतं. मग नियम असा पडला की शेत एकाच मुलाला मिळणार. तो थोरलाच असेल असं नाही. बाप ठरवेल तो, आणि बाप ठरवेल तेव्हा. हुंडाही साधारण एकाच मुलीला मिळणार. बाकीच्या भावंडांनी आपली वाट बघायची.

जमीन तेव्हा त्यांच्या मालकीची नव्हती, ती कुळं होती. पण १८८१ च्या जमीन कायद्याने खंड कोर्टाने ठरवायचा, खंड भरतोय तोवर कुळाला काढायचं नाही आणि कुळाला आपला हक्क विकताही यायचा, असं झालं. आपल्याकडच्या कुळकायद्याची आठवण येते ना? त्यामुळे कुळाच्या शेतालाही किंमत आली. आणि शेताला किंमत आली की त्या शेतात येणाऱ्या सुनेच्या हुंड्यालाही किंमत येते.

सोयरीक कशी जमायची

लग्नं जमायची ती थंडीत. कॅथलिक लोकांचा लेंट नावाचा चाळीस दिवसांचा व्रताचा काळ असतो. त्यात लग्नं लावत नसत. त्यामुळे ६ जानेवारीच्या सणापासून लेंट लागेपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत लग्नांची नुसती झुंबड उडायची. आपला चातुर्मास लागायच्या आधी कार्यालयं कशी मिळेनाशी होतात, तसंच. आणि लेंट लागूनही ज्यांचं जमलं नाही, त्यांच्या पाठीवर पहिल्या रविवारी चर्चला जाताना पोरंटोरं खडूने फराटे ओढायची. मन्स्टर प्रांतात, म्हणजे क्लेअर ज्या प्रांतात आहे तिथे, त्या रविवारला नावच 'खडूचा रविवार' होतं. आपल्याकडे लग्नात कुणीतरी मावशी येऊन "आता पुढचा नंबर तुझा" म्हणते, तो प्रकार निदान पाठीवर उमटत तरी नाही!

स्थळ आणायला मध्यस्थ असायचा. मुलाकडचा माणूस आणि मुलीचा बाप जत्रेच्या किंवा बाजाराच्या दिवशी पबमध्ये बसायचे. शेतात किती गाई चरतात, खंड किती, कर्ज किती, घरात अजून कोण कोण आहे, असे प्रश्न निघायचे. मग मुलीकडचे लोक 'जमीन चालायला' जायचे. खरंच चालायचे, बांधाबांधाने. गुरं मोजायची, गोठा बघायचा, पाणी कुठं साचतं ते बघायचं. मी हे वाचलं आणि मला माझे वडील आठवले. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ बघायला गेले, तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यांनी विहीर बघितली होती.

मुलाकडचा आकडा जास्त, मुलीकडचा कमी, मध्यस्थ मधला आकडा सुचवणार, कुणीतरी उठून जायचं नाटक करणार आणि त्याला ओढून परत बसवणार. जमलं की एनिससारख्या गावात वकिलाकडे जाऊन कागद करायचा. या कागदाला ते नुसतं 'लिखापढी' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखत. म्हणजे आपली यादीच!

या सगळ्यात मुलगा आणि मुलगी कुठे? पुष्कळदा शेवटी. काही जोडपी एकमेकांना ओळखत असत, काहींची थोडीच भेट झालेली असे. मुलीने ठाम नकार दिला तर काही घरांत ऐकलंही जाई. पळून जाऊन लग्न करणारेही होते. पण शेत मिळणार असलेल्या मुलाचं लग्न म्हणजे शेताचं लग्न, ही समजूत पक्की होती.

कागदावर काय लिहायचे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून सावकाश सांगते.

त्या लिखापढीत एकाच वेळी तीन गोष्टी व्हायच्या. एक, बाप शेत मुलाच्या नावावर करायचा. दोन, सुनेच्या घरून हुंडा यायचा. तीन, म्हाताऱ्या आई-बापांचं पुढे काय, ते कलमवार लिहिलं जायचं. त्यांना राहायला चुलीपलीकडची पश्चिमेकडची खोली. एका गाईचं दूध, किंवा एक गाय चारायचा हक्क. इतके बटाटे. जळणाला पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. रविवारी चर्चला जायला गाडीत जागा. कोणी म्हणेल, पोटच्या मुलाकडून असं लिहून घ्यायचं? पण त्यांनी घेतलं. आपल्याकडे वाटणीनंतर आई चार महिने एकाकडे आणि चार महिने दुसऱ्याकडे पिशवी घेऊन फिरते, ते बघितलं की मला ती गाडीतली जागा लिहून घेणारी म्हातारी शहाणी वाटते.

आता हुंड्याकडे या. मी बी.कॉम. असल्याने मला हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय राहवलं नाही. आकडा फक्त समजण्यासाठी धरते. समजा, पहिल्या घरात सून आली, ती १०० पौंड घेऊन. ते पैसे तिच्या हातात जात नाहीत, तिच्या नवऱ्याच्याही नाही. ते जातात सासऱ्याकडे. सासरा काय करतो? त्या १०० पौंडांत आपल्या मुलीचं, म्हणजे या सुनेच्या नणंदेचं, लग्न करतो. नणंद ते पैसे घेऊन दुसऱ्या घरी जाते. तिथला सासरा त्यात त्याच्या मुलीला उजवतो. ती तिसऱ्या घरी. तेच १०० पौंड गावोगाव फिरत राहतात. प्रत्येक घराच्या वहीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि शिल्लक शून्य.

वही बरोबर जुळते. पण नीट बघा, ज्या मुलीच्या नावाने पैसे निघाले, तिच्यापाशी ते एक दिवसही थांबले नाहीत. नवीन घरात ती आली, तेव्हा तिच्या पैशाने दुसरी कुणीतरी त्या घरातून बाहेर पडली होती. १८८२ च्या कायद्याने विवाहित बाईची मिळकत तिची स्वतःची धरायला सुरुवात झाली होती, आणि तो कायदा आयर्लंडलाही लागू होता. पण कागदच सासऱ्याच्या नावाने होत असेल, तर कायदा काय करणार?

आणि दुसरी अडचण. घरात तीन मुली असतील तर? सुनेच्या हुंड्यात एक नणंद उजवली जायची. उरलेल्या दोघी वहीत कुठेच बसत नव्हत्या.

उरलेल्या मुली

उरलेल्यांसाठी तीन वाटा होत्या. घरी राहून भावाच्या संसारात राबायचं, कॉन्व्हेंटमध्ये जायचं, किंवा अमेरिका.

कॉन्व्हेंटचं ऐकून मला आधी आपल्या माताजी आठवल्या. पण तिथे एक फरक होता. मानाच्या जोगिणींच्या वर्गात जायचं तर कॉन्व्हेंटलाही हुंडा द्यावा लागे. ज्यांच्याकडे तो नसे, त्यांना बहुधा स्वयंपाक, धुणं, झाडलोट करणाऱ्या जोगिणी म्हणून घेत. आपल्याकडे दीक्षा घेताना सगळं सोडायचं असतं, कुणी किती आणलं हे विचारत नाहीत. तरीही आयर्लंडमध्ये त्या पन्नास वर्षांत जोगिणींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. धर्मभावना होतीच. शिवाय शिकवण्याचं, दवाखान्याचं स्वतःचं काम मिळत होतं, हेही विसरून चालणार नाही.

पण सगळ्यात मोठी वाट होती समुद्रापलीकडची. जहाजाचं तिकीट हुंड्याच्या मानाने फारच स्वस्त पडायचं. तेही आईबापांना काढावं लागे असं नाही. आधी गेलेली मावशी किंवा थोरली बहीण बॉस्टनहून नाहीतर न्यूयॉर्कहून तिकीट पाठवायची. युरोपातल्या इतर बऱ्याच देशांतून तेव्हा मुख्यतः पुरुष किंवा कुटुंबं जात. आयर्लंडहून जाणाऱ्यांत मात्र जवळजवळ निम्म्या बायका होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक विशीच्या आसपासच्या, बिनलग्नाच्या, एकट्या. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं नवं नोंदणी केंद्र उघडलं. तिथे पहिलं नाव नोंदलं गेलं ते ॲनी मूरचं. क्लेअरच्या जवळच्याच कॉर्कची ही किशोरवयीन मुलगी दोन धाकट्या भावांना घेऊन उतरली होती.

निघायच्या आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमायचे. गाणी, नाच, रडणं पहाटेपर्यंत चालायचं. घरात कुणी वारलं की मृतदेहाजवळ रात्रभर जागायची त्यांची रीत आहे. त्याच रीतीचं नाव त्यांनी या रात्रीला दिलं होतं. कारण गेलेली मुलगी परत दिसेल याची खात्री नसायची. आपल्या पाठवणीत आई रडते, पण तिला ठाऊक असतं की नागपंचमीला लेक माहेरी येईल.

या मुली बहुतेक करून घरकामाला लागायच्या. दुसऱ्याच्या घरात राहायला-जेवायला मिळायचं, त्यामुळे पगार शिल्लक पडायचा. तो पगार पत्रातून घरी यायचा. त्याला गावात 'अमेरिकेचं पत्र' म्हणत. नाताळच्या सुमाराला तर पोस्टमनकडे सगळं गाव डोळे लावून बसायचं. त्या पैशातून खंड भरला जायचा, दुकानदाराची उधारी फिटायची, धाकट्या बहिणीचं तिकीट निघायचं. म्हणजे घराच्या वहीत जी खर्चाला पडली होती, तिनेच वर्षानुवर्षं जमेची बाजू भरली. काही मुली पैसे साठवून परतही आल्या आणि स्वतः कमावलेल्या हुंड्यावर स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. पण बहुसंख्य आल्या नाहीत.

जिचं जमलं, तिचं काय

ज्या मुलीला हुंडा मिळाला, ती भाग्यवान असं सगळे म्हणायचे. तिचं आयुष्य बघू.

ती साधारण पंचविशी ओलांडून आलेली असायची, नवरा पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीचा. कारण बाप शेत सोडायला तयार होईपर्यंत मुलाचं लग्नच नव्हतं. तोवर पंचेचाळीस वर्षांच्या माणसालाही गावात 'पोरगा' म्हणत. १९३०च्या दशकात कॉनरॅड एरन्सबर्ग आणि सोलन किंबॉल हे दोन अमेरिकन मानववंश अभ्यासक क्लेअरमध्ये राहिले होते. त्यांनाही हे 'पोरगे' भेटले. म्हणजे ही रीत पुढे पन्नास वर्षं टिकली.

एक गंमत सांगते. तिथल्या कायद्याने मुलीला बाराव्या वर्षी लग्न करता येत होतं, आणि हा कायदा बदलायला १९७२ साल उजाडलं! पण कायदा बारा म्हणत असताना क्लेअरच्या मुली पंचविशीनंतर लग्न करत होत्या. त्याच काळात आपल्याकडे माझ्या आजीच्या आईचं लग्न आठव्या वर्षी झालं. पुढे १९२९ साली सारडा कायदा येऊन मुलीचं वय चौदा ठरलं, तरी माझ्या धाकट्या आत्याचं बाराव्या वर्षी उरकलंच. लग्नाचं वय कायद्याच्या पुस्तकापेक्षा घराच्या वहीवर जास्त ठरतं, हे दोन्हीकडे सारखंच.

घरात आल्यावर सासू होतीच. ती कागदाप्रमाणे पश्चिमेच्या खोलीत गेलेली, पण चूल सोडायला तिचं मन व्हायचं नाही. हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. मूल झालं की सून घरची. मूल नाही झालं तर सगळा दोष तिचा. कॅथलिक असल्याने काडीमोड नव्हता, म्हणून काही वेळा तिला सरळ माहेरी पाठवून देत. याला तिथले लोक 'गावठी काडीमोड' म्हणत.

तिच्या हातात स्वतःचा असा पैसा कुठला? लोण्याचा आणि अंड्यांचा. गाईचं दूध काढणं, लोणी घुसळणं, बाजारात विकणं हे बायकांचं काम आणि त्याचा पैसाही त्यांच्याच पदराला. मीठ-साखर, पोरांची पायताणं त्यातून व्हायची. १८८९ साली शेजारच्या लिमरिक जिल्ह्यात पहिली सहकारी दूधसंस्था निघाली आणि मग अशा संस्था सगळीकडे पसरल्या. दूध थेट संस्थेत जाऊ लागलं. बाईची घुसळण सुटली, दंड दुखायचे थांबले. पण दुधाचा पैसा आता बहुतेक घरांत शेत ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात पडू लागला. सोय झाली आणि पैसा गेला, दोन्ही एकदमच.

१८६४ पासून तिथल्या कॅथलिक लग्नांचीही सरकारी नोंद होऊ लागली. ती जुनी पानं आता संगणकावर कुणालाही बघता येतात. मी कितीतरी बघितली. तारीख, नवरा-नवरीची नावं, वय, अविवाहित की विधुर-विधवा, धंदा, राहणार कुठे, वडिलांचं नाव, वडिलांचा धंदा. वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडा नाही, नुसतं 'सज्ञान'. नवरीच्या धंद्याच्या रकान्यात 'शेतकऱ्याची मुलगी', किंवा काहीच नाही. सुरुवातीच्या वर्षांत सहीऐवजी फुली खूप दिसते, पुढे सह्या वाढत जातात, कारण गावोगावच्या सरकारी शाळांत मुलीही जाऊ लागल्या होत्या. आणि आईचं नाव? त्याला रकानाच नाही. जिने ती मुलगी वाढवली, तिला लिहायला शिकायला पाठवलं, ती त्या पानावर कुठेच नाही. आपल्या महाराष्ट्रातही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं, म्हणजे आपणही फार पुढे आहोत असं नाही.

शेवटी काय उरलं

१९०१ साली क्लेअरची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार राहिली. साठ वर्षांत निम्म्याहून कमी. दुष्काळ तर १८५२ पर्यंत संपला होता. नंतरची पन्नास वर्षं कुणी उपाशी मेलं म्हणून गावं रिकामी झाली नाहीत. १९११ च्या शिरगणतीत आयर्लंडमधल्या ४५ ते ५४ वयाच्या लोकांत चारांतला साधारण एक जण अविवाहित होता. पुरुषांतही आणि बायकांतही.

जमीन मात्र अखंड राहिली. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते साधलं. बांध मोडला नाही, तुकडा पडला नाही. फक्त त्या जमिनीवरची माणसं कमी झाली.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आपल्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात शेती करणाऱ्या घरांतली पस्तिशीची मुलं बिनलग्नाची आहेत. ऊस आहे, विहीर आहे, दोन मजली घर आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, आणि मुलगी मिळत नाही. देवळात स्वाध्याय संपला की हाच विषय. आणि शेवट ठरलेला: "मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात."

क्लेअरमधले आईबाप आणि पाद्रीही असंच म्हणायचे, मुलींना शहराची चटक लागली. पण त्या मुली गेल्या त्या रागाने किंवा चैनीसाठी नाही. घरचा खंड त्यांनीच पुढे वर्षानुवर्षं भरला, म्हणजे त्यांना घराची माया नव्हती असं कसं म्हणता येईल? त्यांनी आपल्या आईचं आयुष्य बघितलं होतं. आईच्या नावाने आलेला पैसा कुठे गेला ते बघितलं होतं. थोरल्या बहिणीला बांधावरून चालत गाई मोजून दिलेलं बघितलं होतं. आणि समोर दुसरी वाट होती, जिथे महिन्याचा पगार स्वतःच्या हातात पडत होता. त्यांनी ती निवडली. भाषण केलं नाही, भांडल्या नाहीत. तिकीट आलं तशा निघाल्या.

आपल्या मुलीही तेच करत आहेत. पुण्याला नोकरी करणारी मुलगी शेतकरी नवरा नको म्हणते, तेव्हा ती मातीला नाही म्हणत नाही. तिने आपल्याला बघितलं आहे. पहाटे चारला उठून आपण धार काढली, दूध डेअरीला घातलं, आणि बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं ते तिने बघितलं आहे. आईने मामाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली आणि येताना साडी घेऊन आली, तेही बघितलं आहे.

हे हक्कसोडपत्र म्हणजे मला क्लेअरचं तिकीटच वाटतं. "तुझं लग्न करून दिलं, तुझं मिळालं तुला." मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशाने २००५ साली. आपल्या जैनांनाही हाच वारसा कायदा लागू आहे. पण बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली की तो कायदा तिथेच संपतो. मी कुणाला भावाशी भांडा म्हणत नाही. ज्या भावाने आईचं म्हातारपण सांभाळलं, त्याला आनंदाने द्यावं. पण ते आधी वाचावं, समजून घ्यावं, आणि द्यायचं असेल तर दिलं म्हणून द्यावं. रीत म्हणून अंगठा उठवू नये.

आणि ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा आहे, त्या मैत्रिणींना माझं सांगणं वेगळं आहे. शेतकरी संघटनेने पूर्वी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. बाईच्या नावावर जमीन करून द्या, असं शेतकऱ्यांनाच सांगितलं, आणि कितीतरी जणांनी करून दिलीही. तेच आपल्या घरात करता येतं. सून येण्याआधी सासूचं नाव सात-बारावर लागलं आहे का? दुधाचं बिल निदान एका म्हशीचं तरी तिच्या खात्यावर पडतं का? आपण स्थळ सांगताना सात एकर, नऊ एकर सांगतो, त्यातलं घरातल्या बाईचं किती, हे कधी सांगतो का? मुलगी विचारत नसेल, पण मनात हेच मोजत असते.

परिग्रह-परिमाण व्रतात आपण किती ठेवायचं याची मर्यादा घालून घेतो. त्या मर्यादेतलं आपल्या स्वतःच्या नावावर काय आहे, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? व्रताची वही काढाल, तेव्हा ही एक ओळही लिहून बघा. आपलं नाव कुठल्या कागदावर आहे: जमिनीच्या, घराच्या, डेअरीच्या, बँकेच्या. आणि जमलं तर ती वही लेकीला आणि सुनेला दाखवा.

पुढच्या वेळी उन्हाळी वाळवणावर लिहीन, बऱ्याच जणींनी सांडग्यांचं प्रमाण विचारलं आहे. काही चुकभूल झाली असेल तर उत्तम क्षमा.